घड्याळाशी शर्यत, मग माणसाशी: ख्रिस हॉयची कारकीर्द समजून घेताना

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे शर्यत आठवते. बोरघाटाचा चढ, घामानं निथळणारे सायकलपटू, कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं आणि 'घाटांचा राजा' हा किताब. ट्रॅक सायकलिंगमध्ये यातलं काहीच नाही. चढ नाही, उतार नाही, रस्ता कुठल्या गावाला जात नाही. लाकडी फळ्यांच्या २५० मीटरच्या लंबगोलात माणसं गरागरा फिरतात आणि वेगवान शर्यती मिनिटा-दोन मिनिटांत संपून जातात. ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर हा खेळ दिसतो तेव्हा प्रश्नच जास्त पडतात. सायकलींच्या पुढे मोटारसायकलवाला का चाललाय? शर्यत सुरू झाली तरी हे दोघं मुंगीच्या पावलांनी का सरकतायत? तिघांच्या संघातला एक जण पहिल्याच फेरीनंतर बाजूला का झाला?

मला हा खेळ उलगडला तो एका माणसाच्या कारकिर्दीतून. ख्रिस हॉय, जन्म २३ मार्च १९७६, गाव स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं, एक रौप्य आणि अकरा जागतिक विजेतेपदं. पण त्याची गोष्ट सांगावीशी वाटते ती पदकांच्या संख्येमुळे नाही. ज्या एका शर्यतीत तो जगात सर्वांत चांगला होता, ती शर्यतच ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. वेगवान सायकलपटूचे उमेदीचे दिवस त्या वयाला सरत आलेले असतात. त्यानंतर त्यानं जे केलं ते किती अवघड होतं हे समजायचं असेल, तर आधी सायकल समजून घ्यावी लागते.

ब्रेक नसलेली सायकल

लहान मुलांची तीनचाकी आठवा. तिची पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेली असतात. चाक फिरलं की पॅडल फिरणारच, आणि पाय थांबवले की चाकही थांबणार. ट्रॅकची सायकल याच तत्त्वावर चालते. तिला साखळी असते, पण फ्री-व्हील नसतं. आपल्या साध्या सायकलवर पाय थांबवले तरी ती कट्‌कट् आवाज करत पुढे जात राहते. तो आवाज फ्री-व्हीलचा. ट्रॅकच्या सायकलवर पायांना सुट्टी नाही. ताशी ६५ किलोमीटर वेगानं शर्यत जिंकली तरी लगेच पाय सोडून बसता येत नाही, कारण पॅडल तुमच्या पायांना फिरवतच राहतात.

ब्रेकही नसतो. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. एकमेकांच्या चाकापासून वीतभर अंतरावर धावणाऱ्या घोळक्यात एकानं अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. कुणालाच ब्रेक नसेल तर कुणीच अचानक थांबत नाही.

गिअर एकच, आणि तो शर्यतीआधी ठरवायचा. इथे मोठी गोम आहे. गिअर जड निवडला तर पूर्ण वेगात गेल्यावर पाय आरामात फिरतात, पण जागेवरून सुटताना सायकल हलता हलत नाही. हलका निवडला तर सुरुवात झकास होते, पण शेवटी पाय मिक्सरच्या पात्यासारखे फिरवावे लागतात. एकदा सुटलात की जो गिअर लावलाय त्याच्याशी संसार करायचा.

आता ट्रॅक. जत्रेतला 'मौत का कुआँ' पाहिला असेल तर वळणं उभी का असतात हे वेगळं सांगायला नको. वळणावर ट्रॅक ४२ ते ४५ अंशांपर्यंत कललेला असतो. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर ती भिंतच वाटते. वेग असेल तर सायकल त्या भिंतीला चिकटून जाते. वेग फार कमी झाला तर चाक घसरतं. या उभ्या भिंतीचा दुसराही उपयोग आहे. सायकलपटू वर चढतो तेव्हा उंची साठवून ठेवतो आणि योग्य क्षणी खाली झेपावून ती उंची वेगात बदलतो. घारीची झडप असते ना, तशी.

आणि सगळ्यात महत्त्वाची हवा. सपाट ट्रॅकवर सायकलपटूची ताकद मुख्यतः हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती जवळपास ३३ टक्के जास्त लागते. म्हणूनच दुसऱ्याच्या मागे लपून, त्याच्या आडोशानं जाणं एवढं मोलाचं असतं. पुढचा वारा खातो, मागचा ताकद वाचवतो. वाऱ्याला कोण तोंड देतंय आणि आडोशाला कोण बसलंय, एवढं पाहायला शिकलात की ट्रॅकवरची अर्धी शर्यत कळली.

एक किलोमीटर, एकटा

हॉय लहानपणी बीएमएक्स चालवायचा. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत जाण्याचा हा खेळ १९८० च्या दशकात ब्रिटनच्या मुलांमध्ये फार जोरात होता. चौदा वर्षांचा होईपर्यंत तो आपल्या वयोगटात ब्रिटनमध्ये दुसरा आणि जगात नववा होता. मग रग्बी झाली, नौकानयन झालं, आणि सोळा-सतराव्या वर्षी तो ट्रॅकवर आला. एडिनबराचा मेडोबँक ट्रॅक १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला, उघड्यावरचा. स्कॉटलंडचा पाऊस आणि लाकडाचा ट्रॅक यांचं जमत नाही; पाऊस आला की सराव बंद.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ब्रिटिश सायकलिंगच्या यशाबद्दल लिहिताना ती बऱ्याचदा मागे पडते. १९९४ मध्ये मँचेस्टरला बंदिस्त वेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलिंगचं स्टेडियम, सुरू झाला आणि १९९७ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून खेळाडूंना नियमित पैसे मिळू लागले. पुढे जगभर चर्चा झाली ती त्यांच्या बारीकसारीक सुधारणांची: टायर स्पिरिटनं पुसणं, स्नायू ऊबदार ठेवणाऱ्या बॅटरीच्या विजारी. त्या होत्याच. पण आधी डोक्यावर छप्पर आलं आणि हातात पगार आला. हॉयच्या पिढीला हे दोन्ही ऐन वयात मिळालं.

त्याची शर्यत होती 'किलो', म्हणजे एक किलोमीटर टाइम ट्रायल. नियम एका ओळीत संपतो: जागेवरून सुटा, चार फेऱ्या मारा, ज्याची वेळ सगळ्यात कमी तो जिंकला. ट्रॅकवर तुम्ही एकटे. आडोसा द्यायला कुणी नाही, डावपेच नाहीत, दुसरी संधी नाही.

किलो क्रूर का आहे ते शरीराच्या बाजूनं पाहा. स्नायूंमध्ये तयार इंधनाचा जो साठा असतो तो पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदांत आटतो. त्यानंतर शरीर साखर ऑक्सिजनशिवाय जाळू लागतं. ही व्यवस्था वेगवान आहे, पण तिच्यामुळे स्नायूंत आम्लता वाढत जाते आणि पाय आतून पेटल्यासारखे होतात. ऑक्सिजनवर चालणारी सावकाश पण टिकाऊ यंत्रणा पूर्ण कामाला लागेपर्यंत शर्यत संपत आलेली असते. शंभर मीटरचा धावपटू दहा सेकंदांत सुटतो. मॅरेथॉनवाला जपून धावतो. किलोवाल्याला यातली कुठलीच सवलत नाही. त्याला मिनिटभर जीव तोडून जायचं असतं, आणि तेवढं जायला माणसाचं शरीर घडलेलंच नाही. शेवटच्या फेरीत प्रत्येकाचा वेग कमी होतो. ज्याचा कमीत कमी घसरतो तो जिंकतो.

यासाठी लागणारं शरीर हॉयनं वर्षानुवर्षं वजनं उचलून घडवलं. त्याच्या मांडीचा घेर सुमारे २७ इंच असल्याचं ब्रिटिश वृत्तपत्रं कौतुकानं छापत. आपल्याकडच्या एखाद्या किडकिडीत कॉलेजकुमाराची कंबर तेवढी असते. अशा पायांतून काही क्षण २००० वॅटच्या वर शक्ती निघते. घरातल्या गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते वाचा, म्हणजे अंदाज येईल.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हॉयला सांघिक स्प्रिंटमध्ये (तिघांच्या संघाची शर्यत, तिच्याबद्दल पुढे) रौप्य मिळालं, पण किलोचं सुवर्ण त्याच्या संघातल्या जेसन क्वीलीनं जिंकलं. रोज सोबत सराव करणारा माणूस ऑलिंपिक विजेता होऊ शकतो, हे समोर घडताना पाहण्याचा परिणाम होतोच. २००२ मध्ये हॉय किलोचा जगज्जेता झाला, २००४ मध्ये पुन्हा. म्हणून २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याची पाळी सर्वांत शेवटी होती.

शेवटी जाणं म्हणजे फायदा, असं वाटेल. प्रत्यक्षात बाकीच्यांच्या वेळा ऐकत बसावं लागतं. ब्रिटिश संघाचे मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांनी त्याला आधीच विचारलं होतं: तुझ्या आधी कुणी विक्रम मोडला तर काय करशील? आणखी जोरात जाईन, असं हॉयचं उत्तर होतं. पीटर्स यांना ते पटलं नाही. शक्य तेवढ्या जोरात तर तू तसाही जाणारच आहेस, मग दुसऱ्याच्या वेळेचा तुझ्याशी संबंध काय? तेव्हापासून हॉय आपली शर्यत डोळे मिटून मनात पुन्हा पुन्हा चालवायला शिकला. अथेन्समध्ये नेमकं तेच झालं. त्याच्या आधी फ्रान्सचा आर्नो तूर्नां १ मिनिट ०.८९६ सेकंदात आला. हॉय सुटला आणि १ मिनिट ०.७११ सेकंदात आला. फरक १८५ सहस्रांश सेकंदांचा. पापणी लवायलाही बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

जी शर्यत उरलीच नाही

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून पुरुषांची किलो आणि महिलांची ५०० मीटर टाइम ट्रायल वगळण्याचा निर्णय झाला. नव्या खेळाला जागा करून द्यायची होती. तो खेळ बीएमएक्स होता. ज्या खेळानं हॉयला सायकलवर बसवलं, त्याच्यासाठी त्याची शर्यत गेली.

जागतिक स्पर्धेत किलो सुरू राहिली आणि २००६, २००७ मध्येही तोच जिंकला. पण ऑलिंपिक नाही म्हटल्यावर तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. जाण्यापूर्वी एक हिशेब मात्र बाकी होता: जागतिक विक्रम. तो तूर्नांच्या नावावर होता, ५८.८७५ सेकंद, २००१ मध्ये बोलिव्हियातल्या ला पाझ इथे केलेला.

ला पाझच का, हे हवेकडे पाहिलं की कळतं. तिथला वेलोड्रोम समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास तीस टक्के विरळ असते, म्हणजे सायकलपटूला बाजूला सारावं लागणारं ओझं तेवढं कमी. मोबदल्यात ऑक्सिजनही कमी. पण किलो ही मिनिटभराची शर्यत. तिचा मोठा भाग ऑक्सिजनशिवायच निघतो, त्यामुळे एकूण हिशेबात फायदाच होतो. नंतर श्वास घेणं मात्र भयानक होतं.

मे २००७ मध्ये हॉय तिथे गेला. पहिल्या प्रयत्नात ५९.१०३ सेकंद. एक रात्र विश्रांती, आणि दुसऱ्या प्रयत्नात ५८.८८०. विक्रम हुकला तो पाच सहस्रांश सेकंदानं. त्या वेगाला एवढ्या वेळात सायकल साधारण आठ सेंटिमीटर जाते, म्हणजे हाताच्या चार बोटांएवढं अंतर. एक हजार मीटरमध्ये चार बोटं. त्याच दौऱ्यात त्यानं धावत्या सुरुवातीच्या ५०० मीटरचा विश्वविक्रम २४.७५८ सेकंदांत केला, ताशी ७२ किलोमीटरहून अधिक वेगानं. पण ज्यासाठी तो गेला होता ते हाती आलं नाही. त्याच्या सगळ्या सुवर्णपदकांपेक्षा मला या चार बोटांची गोष्ट जास्त जवळची वाटते. एवढी मेहनत, एवढा प्रवास, सगळं नीट जुळून आलेलं, आणि तरीही नाही. त्यानंतर तो घरी परतला आणि दुसऱ्या शर्यती शिकू लागला.

मोटारसायकलच्या मागे

पहिली होती केरिन. हा खेळ जपानचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या शहरांना उत्पन्न मिळावं म्हणून १९४८ मध्ये कोकुरा इथे या शर्यती सुरू झाल्या, आणि प्रेक्षक त्यांवर अधिकृतपणे पैसे लावू लागले, आपल्याकडे घोड्यांच्या शर्यतींवर लावतात तसे. ऑलिंपिकमध्ये केरिन २००० साली आली.

आता मोटारसायकलचं कोडं सोडवू. सहा-सात जणांना एकदम वेगात शर्यत सुरू करायला सांगितली तर कुणीच पुढे व्हायला तयार होणार नाही, कारण पुढे गेला तो वारा खाणार. म्हणून सुरुवातीचे फेरे एक छोटी मोटारसायकल पुढे राहून आडोसा देते. ती ताशी तीसच्या आसपास सुरू करते, हळूहळू पन्नासपर्यंत नेते आणि ट्रॅक सोडते; हॉयच्या काळात ती शेवटच्या अडीच फेऱ्या उरल्या की बाजूला व्हायची. मग खरी शर्यत. तोपर्यंत सगळे कोपरानं कोपर ढकलत आपल्याला हवी ती जागा धरायला बघतात. आधी निघालात तर वारा खाऊन शेवटी दमणार. उशीर केलात तर पुढच्यांच्या भिंतीमागे अडकणार.

घड्याळाशी एकट्यानं झुंजलेल्या माणसाला हे सगळं नवं होतं. किलोमध्ये आजूबाजूला पाहायची गरजच नसते. केरिनमध्ये पाहिलं नाही तर संपलात. पण हॉयकडे एक गोष्ट होती जी इतर केरिनवाल्यांकडे सहसा नसते: किलोचे पाय. बहुतेक स्प्रिंटर जास्तीत जास्त दोनशे-तीनशे मीटर पूर्ण वेगात राहू शकतात. हॉय याच्या दुप्पट अंतर टिकायचा. म्हणून त्यानं आपली पद्धत शोधली: मोटारसायकल गेली की लगेच पुढे घुसायचं, वारा आपण खायचा आणि वेग इतका वाढवायचा की मागून कुणाला बाजूनं वर येताच येऊ नये. सगळे जी गोष्ट टाळतात तीच त्यानं शस्त्र केली. २००७ मध्ये तो केरिनचा जगज्जेता झाला.

दुसरी शर्यत आणखी अवघड: वैयक्तिक स्प्रिंट. दोनच स्पर्धक. सुरुवातीला ते इतके सावकाश चालतात की नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. कधी कधी तर उभ्या भिंतीवर सायकल जागच्या जागी तोलून धरतात, कारण पुढे जाणाऱ्याला मागचा दिसत नाही आणि वारा खावा लागतो. दोघांनाही मागे राहायचं असतं. मग एक क्षण येतो, कुणीतरी वरून खाली झेप घेतो, आणि पुढचे दहा-बारा सेकंद सगळा खेळ होतो. ट्रॅकवर आतल्या काळ्या रेषेजवळ एक लाल रेष असते. झेप घेतलेला पुढचा सायकलपटू या दोन रेषांमध्ये असेल तर मागच्याला आतून घुसता येत नाही. त्याला बाहेरून लांबचा फेरा घेऊनच पुढे जावं लागतं. म्हणून ही वीस सायकलपटूंची गर्दी नसूनही जागेची लढाई असते. कबड्डीत चढाईवर गेलेला खेळाडू जसा समोरच्याच्या खांद्याकडे, पायाकडे पाहत असतो, तसं इथे मान वळवून एकमेकांकडे पाहणं चालतं.

मार्च २००८ मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत हॉयनं उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या थिओ बोसला हरवलं. बोस तेव्हा या प्रकारातला मोठा जगज्जेता होता. पुढे अंतिम फेरीही हॉयनं जिंकली. ब्रिटनच्या पुरुषाला स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद मिळालं ते १९५४ च्या रेग हॅरिसनंतर थेट ५४ वर्षांनी.

बीजिंग

ऑगस्ट २००८. पाच दिवसांत तीन सुवर्णं. पहिलं सांघिक स्प्रिंटमध्ये, जेमी स्टाफ आणि जेसन केनीसोबत.

तिघांपैकी एक जण पहिल्याच फेरीनंतर बाजूला का होतो, हा प्रश्न वर राहिला होता. सांघिक स्प्रिंटमध्ये फेऱ्या तीन आणि माणसं तीन. पहिला माणूस जागेवरून स्फोटासारखा सुटतो, एक फेरी वारा खातो आणि वर सरकून बाजूला होतो. त्याचं काम झालं. दुसरा दुसरी फेरी ओढतो. तिसरा दोन फेऱ्या आडोशाला बसून शेवटची एकट्यानं मारतो, आणि घड्याळ थांबतं ते त्याच्या चाकावर. पहिल्या माणसाकडे सुटण्याची ताकद हवी. स्टाफ पूर्वी बीएमएक्सचाच जगज्जेता होता. तिसऱ्याकडे दम हवा. तिथे किलोवाला हॉय. पहिल्याचं चाक चुकवून मागे अंतर पडलं तर आडोसा गेला, आणि मागचा कितीही ताकदवान असला तरी ते भरून निघत नाही.

दुसरं सुवर्ण केरिनचं. त्या शर्यतीत जपानच्या कियोफुमी नागाईला कांस्य मिळालं, आणि जपाननं जगाला दिलेल्या या खेळातलं जपानचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. तिसरं स्प्रिंटचं. अंतिम फेरीत समोर होता त्याचाच वीस वर्षांचा संघसहकारी जेसन केनी. हॉय सरळ दोन शर्यतींत जिंकला. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं मिळवणारा ब्रिटिश खेळाडू शंभर वर्षांनी झाला होता. त्याआधीचा १९०८ चा जलतरणपटू हेन्री टेलर. वर्षअखेरीस बीबीसीच्या वार्षिक क्रीडा पुरस्काराचा मानकरी तोच ठरला, आणि त्याला 'सर' हा किताब मिळाला.

तरुण माणूस मागून येतो तेव्हा

फेब्रुवारी २००९ मध्ये कोपनहेगनला केरिनमध्ये तो जोरात पडला. कमरेच्या सांध्याजवळ मोठी इजा झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेलाही तो आला नाही, कारण लंडन ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी लागणारी युरोपीय स्पर्धा जवळच्या तारखांना होती. भारतात त्याला ट्रॅकवर पाहण्याची संधी तेव्हा गेली.

लंडन २०१२ साठी नियम बदलला: प्रत्येक शर्यतीत एका देशाचा एकच खेळाडू. बीजिंगमध्ये हॉय आणि केनी दोघेही अंतिम फेरीत होते. आता त्यांच्यातला एकच जाणार. मेलबर्नच्या २०१२ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत केनीनं हॉयला हरवलं, आणि ऑलिंपिकच्या स्प्रिंटसाठी निवड झाली ती केनीची. गतविजेता आपलं पदक राखायला मैदानात उतरलाच नाही. मेलबर्नलाच हॉय केरिनचा जगज्जेता झाला, ते त्याचं अकरावं जागतिक विजेतेपद. छत्तिसाव्या वर्षी त्याच्याकडे दोनच शर्यती उरल्या होत्या.

लंडनच्या उद्घाटन सोहळ्यात ब्रिटनचा ध्वज त्याच्या हातात होता. सांघिक स्प्रिंटमध्ये फिलिप हाइंड्स, केनी आणि हॉय यांनी अंतिम फेरीत ४२.६०० सेकंदांचा विश्वविक्रम केला. पाचवं सुवर्ण, नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्हच्या बरोबरीचं.

मग ७ ऑगस्ट २०१२, केरिनची अंतिम फेरी. मोटारसायकल बाजूला झाली आणि हॉयनं नेहमीप्रमाणे पुढची जागा घेतली. शेवटच्या फेरीत मागच्या सरळ भागावर जर्मनीचा मॅक्सिमिलियन लेव्ही बाहेरून वर आला आणि चाकभर पुढेही गेला. आता आठवा, हॉय बराच वेळ वारा खात आला होता आणि लेव्ही ताजा होता. या क्षणी जवळपास प्रत्येक स्प्रिंटर खचतो, कारण पायात काही उरलेलं नसतं. हॉयच्या पायात होतं. किलोच्या शेवटच्या फेरीत वेग घसरू न देण्याचं जे काम त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं, तेच इथे कामाला आलं. तो शेवटच्या वळणात इंचाइंचानं परत आला आणि सरळ रेषेवर लेव्हीच्या पुढे निघाला. सहावं सुवर्ण. ऑलिंपिकमधून सात वर्षांपूर्वी बाद झालेली शर्यत मला त्या वळणावर पुन्हा दिसली.

स्प्रिंटचं सुवर्ण केनीनं फ्रान्सच्या ग्रेगरी बोजेला हरवून जिंकलं, म्हणजे निवड योग्यच होती. टोकियोमध्ये केनीनं सातवं सुवर्ण घेऊन हॉयला मागे टाकलं.

एप्रिल २०१३ मध्ये हॉयनं निवृत्ती जाहीर केली. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोत, घरच्याच मैदानावर होणार होत्या आणि तिथल्या नव्या वेलोड्रोमला त्याचंच नाव दिलं होतं. तिथे उतरायचा मोह झाला नसेल असं नाही. पण जिंकण्याइतके पाय आता उरले नाहीत हे त्याला कळत होतं, आणि केवळ हजेरी लावायला जाणं त्याला नको होतं.

२०२३ मध्ये त्याचा खांदा दुखू लागला. व्यायामात ताण आला असेल असं वाटलं. तपासणीत कर्करोग निघाला. मूळ प्रोस्टेटमध्ये आणि हाडांपर्यंत पसरलेला, चौथ्या टप्प्यातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं आजार जाहीर केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बरा होणारा नाही हेही सांगितलं. त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. घरात हा आजार असेल तर पुरुषांनी लवकर रक्ततपासणी करून घ्यावी, असं तो तेव्हापासून सतत सांगतोय. ही तपासणी आपल्याकडेही साध्या प्रयोगशाळेत होते, पीएसए नावानं.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्यानं ग्लासगोत 'टूर डी ४' नावाची सायकल फेरी भरवली. नावातला चार म्हणजे आजाराचा चौथा टप्पा. हजारो लोक सायकली घेऊन आले, त्यात चौथ्या टप्प्यावरचे रुग्णही होते, आणि त्यांच्यात हॉयही सायकल चालवत होता.